आमवातात मनगटाचं ऑपरेशन: पहिल्यांदाच ऐकलं असेल तर इथून सुरुवात करा

गणपतीच्या दिवसांत आरतीला टाळ्या वाजवत होते आणि उजव्या हाताची करंगळी सारखी आत दुमडून राहत होती, टाळी नीट बसेचना. डाव्या हाताने धरून सरळ केली की व्हायची, सोडली की परत खाली. दुखत अजिबात नव्हतं, उलट त्या आठवड्यात मनगट जरा बरंच वाटत होतं, म्हणून मी म्हटलं आखडली असेल. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पण शेक घ्या, तेल लावा सांगितलं. तीन आठवड्यांनी पतसंस्थेत काउंटरला नोटा मोजताना शेजारचं बोटही पडलं, मग कुठे हँड सर्जनकडे गेले आणि ते पहिलं वाक्य हेच बोलले की ताई, करंगळी पडली त्याच आठवड्यात यायचं ना.

तर हे लिहितेय ते आमवात म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला थोडक्यात आरए म्हणतात, तो असलेल्या आणि कुणीतरी "मनगटाचं ऑपरेशन करावं लागेल" असं नुकतंच सांगितलेल्या लोकांसाठी. मी डॉक्टर नाही, कॅशवर बसणारी बाई आहे, पण माझ्या दोन्ही मनगटांची ऑपरेशनं झालीत, उजव्याचं टेंडनचं (टेंडन म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेऊन बोट हलवणारी दोरी) आणि डावं तर पक्कं जोडूनच टाकलंय, आणि या सगळ्यात प्रश्न विचारून विचारून मी डॉक्टरांचं डोकं खाल्लंय. बाकी वाचायचा कंटाळा आला तरी एवढं लक्षात ठेवा: मनगटाच्या ऑपरेशनची वेळ दुखण्यावरून ठरत नाही, टेंडनवरून ठरते. गुडघ्याचं कसं, सहन होतंय तोवर ढकलायचं, फार झालं की करायचं. इथे तसं ढकलत बसलं तर बोटं जातात.

पायरी १: आत काय चाललंय ते समजून घ्या

मनगट हा एकच सांधा नाही. हाताची दोन लांब हाडं, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस आणि करंगळीच्या बाजूचं अल्ना, त्यांच्यापुढे आठ छोटी छोटी हाडं, आणि रेडियस-अल्नाचा आपापसातला एक वेगळा सांधा ज्यामुळे आपण तळवा वर-खाली करतो, किल्ली फिरवतो, तीर्थ घ्यायला हात उताणा करतो. आमवातात सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, जाड होतं आणि मग कूर्चा, हाड, हाडं धरून ठेवणारे लिगामेंट असं सगळं हळूहळू पोखरत जातं. हेच अस्तर बोटं हलवणाऱ्या टेंडनच्या भोवती पण असतं, तेही सुजतं. मनगटाच्या पाठीवर मऊ फुगवटा दिसतो ना, बोटं हलवली की सोबत सरकणारा, तो बहुतेक वेळा हाच.

आता करंगळीच्या बाजूचं हाड. लिगामेंट सैल झाली की अल्नाचं टोक वर उचलून येतं, बोटाने दाबलं की खाली जातं, सोडलं की परत वर. डॉक्टर याला पियानोच्या पट्टीची उपमा देतात, मला आमच्या भजनी मंडळातली पेटी आठवली. या टोकाचा गुळगुळीतपणा गेलेला असतो, ते खरखरीत झालेलं असतं, आणि बोटं सरळ करणारे टेंडन नेमके त्याच्यावरून जातात. विहिरीच्या काठावर दोर घासून घासून एकेक पीळ तुटत जातो आणि मग एक दिवस घागरीसकट खाली, तसंच. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं, साधारण याच क्रमाने. १९४८ साली वॉन-जॅक्सन नावाच्या सर्जनने हे हाडावर घासून टेंडन तुटणं लिहून ठेवलं म्हणून त्याच्याच नावाने ते ओळखतात. म्हणजे माझी करंगळी काही जगावेगळी नव्हती, पुस्तकातली होती. तुटताना दुखत नाही हे पण पुस्तकातच आहे, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं.

तळव्याच्या बाजूलाही भानगडी होतात. तिथे सूज आली की नस दाबली जाते, रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, हात झटकत उठावं लागतं. आणि अंगठ्याचं टोक वाकवणारा टेंडन आतल्या एका टोकदार हाडावर घासून तुटू शकतो, मग सुईत दोरा ओवायला गेलं की चिमूट धरलीच जात नाही.

पायरी २: घरी बसून दर रविवारी दोन मिनिटं

हे मी आता माझ्या आरएवाल्या सगळ्या मैत्रिणींना करायला लावते. हात टेबलावर पालथा ठेवायचा आणि एकेक बोट मुळापासून वर उचलायचं, चारही उचलली जातात का बघायचं. मग अंगठ्याचं फक्त टोक वाकवून बघायचं. मग अल्नाचं ते टेंगूळ हलकेच दाबून बघायचं, पेटीची पट्टी झालीय का, आणि बोटं हलवताना मनगटाच्या पाठीवर करकर लागते का, कारण करकर म्हणजे टेंडन कशावर तरी घासतोय. मूठ आवळताना कुकरचं झाकण, बाटलीचं बूच, पिळलेलं फडकं यातलं काय काय जमत नाही तेही एका वहीत तारखेसकट लिहा, डॉक्टरांकडे गेल्यावर त्या वहीचा रिपोर्टापेक्षा जास्त उपयोग होतो.

एखादं बोट पडलं तर मात्र लगेच जायचं, पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट नाही, त्याच आठवड्यात. बोट पडण्याची कारणं तीन-चार असू शकतात आणि ती ओळखायचं काम सर्जनचं. माझ्यासमोर त्यांनी केलं ते असं: बोट स्वतः धरून सरळ केलं आणि म्हणाले आता असंच धरून ठेवा. मला धरता आलं नाही, लगेच पडलं. टेंडन नुसता बोटाच्या मुळाशी बाजूला घसरला असता तर एकदा सरळ केलेलं बोट तसं धरता आलं असतं. मग मनगट खाली वाकवलं, टेंडन शाबूत असेल तर मनगट खाली गेलं की बोटं आपोआप थोडी उघडतात, माझी बाकीची उघडली आणि ही दोन तशीच लोंबत राहिली. बस, निदान झालं, एमआरआय वगैरे काही नाही. मला त्या साधेपणाचंच जास्त वाईट वाटलं, हे तीन आठवड्यांपूर्वी कुणीही करू शकलं असतं.

पायरी ३: आधी औषधं नीट झालीत का?

टेंडन तुटलेला नसेल आणि नुसती सूज-दुखणं असेल तर आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणजे आमवातावर औषधं देणारे डॉक्टर, सर्जन नंतर. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा (रोज नाही! रोज घेऊन लोक आयसीयूत जातात, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा), फॉलिक अॅसिड, सोबत हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड यातलं काही, आणि तेवढ्याने भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळ्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बायोलॉजिक आली, मेथोट्रेक्सेट लवकर आणि नीट डोसमध्ये द्यायला लागले, तेव्हापासून आमवातातली हाताची ऑपरेशनं बरीच कमी झालीत. म्हणजे ऑपरेशन हे चुकलेल्या किंवा उशिरा सुरू झालेल्या औषधांचं बिल असतं पुष्कळदा. माझं तर होतंच, पहिली चार वर्षं मी कुणीतरी सांगितलेल्या पुड्यांवर काढली.

त्या पुड्यांबद्दल एक बाजूला सांगते. लेबल नसलेल्या, "दोन दिवसांत फरक" वाल्या सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. तुम्ही अशा घेत असाल किंवा घेतल्या असतील तर लाजू नका, सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण शरीराला स्टेरॉइडची सवय लागलेली असेल आणि ते अचानक बंद झालं तर ऑपरेशनच्या वेळी बीपी कोसळू शकतं.

नीट डोसमध्ये औषधं चालू असूनही टेंडनभोवतीची सूज तीन-सहा महिन्यांत उतरत नसेल तर मात्र सर्जनला दाखवून ठेवायचं. दाखवलं म्हणजे लगेच कापतील असं नाही.

पायरी ४: सर्जन कुठला आणि काय घेऊन जायचं

हाताची ऑपरेशनं आपल्याकडे ऑर्थोपेडिकवाले पण करतात आणि प्लास्टिक सर्जरीवाले पण, दोन्हीकडून हँड सर्जन तयार होतात, तेव्हा पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा "आमवाताची मनगटं तुम्ही किती करता?" हे सरळ विचारा. चिडले तर दुसरीकडे जा. मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांत दोन्ही विभाग असतात.

सोबत मनगटाचे समोरून आणि बाजूने काढलेले एक्स-रे, जुने असतील तर तेही, कारण वर्षभरात किती झिजलं यावरून पुढचं ठरतं. औषधांची यादी डोससकट. आणि मानेचा एक्स-रे. मान कशाला म्हणून मी पण विचारलं होतं: आमवातात मानेतले वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात आणि पूर्ण भूल देताना मान मागे वाकवतात तेव्हा ते धोक्याचं असतं. म्हणून मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढून ठेवतात, मनगटाचं ऑपरेशन असलं तरी. कुणी मागितलाच नाही तर तुम्ही आठवण करा.

पायरी ५: कुठलं ऑपरेशन, कशासाठी

इथे जरा वेळ काढून वाचा, कारण "मनगटाचं ऑपरेशन" असं एक काही नसतंच, आणि बरेचदा एकाच वेळी दोन-तीन गोष्टी करतात.

सगळ्यात साधं म्हणजे साफसफाई. मनगटाच्या पाठीवर उभी चीर देऊन टेंडनभोवतीचं सुजलेलं अस्तर खरवडून काढायचं, जमलं तर सांध्यातलं पण. सांध्यातलं दुर्बिणीने पण काढतात. याने दुखणं कमी होतं आणि टेंडन वाचतात, पण औषध बंद केलं तर अस्तर परत वाढतं. हाडं फार झिजली नसतील तेव्हाच याचा खरा फायदा.

दुसरं, अल्नाच्या टोकाचं. ते खरखरीत टोक साधारण दीड-दोन सेंटिमीटर कापून टाकतात, त्याला डॅराक म्हणतात, शंभर वर्षांहून जुनं ऑपरेशन आहे आणि वय झालेल्या, हाताला बेताचं काम असलेल्या माणसांत अजूनही चांगलं चालतं. हाड कापलं तर हात लुळा पडेल असं माझ्या सासूबाईंना वाटलं होतं, तसं काही होत नाही, उलट तळवा फिरवताना जी कळ यायची ती गेली. तोटा एवढाच की उरलेलं टोक कधीकधी आत हलतं, जोर लावला की खटखटतं. आणि ते टोक काढल्यावर मनगट करंगळीकडे घसरण्याची भीती ज्यांना असते त्यांच्यात दुसरा मार्ग घेतात, टोक काढायचं नाही, रेडियसला स्क्रूने जोडून टाकायचं आणि त्याच्या जरा मागे हाडाचा तुकडा काढून मुद्दाम फट ठेवायची, म्हणजे तळवा फिरतो तो त्या फटीतून. सोव्हे आणि कापांजी या दोघांनी १९३६ मध्ये हे सांगितलं, कागदावर काढून दाखवल्याशिवाय मला अजिबात कळलं नव्हतं, तेव्हा तुम्हीही कागद मागा.

तिसरं, तुटलेल्या टेंडनचं. लोकांना वाटतं तुटलेली दोन टोकं शिवून टाकतील. नाही होत तसं, घासून तुटलेला टेंडन जुन्या नाडीसारखा विसविशीत झालेला असतो, टोकं मागे पळालेली असतात. म्हणून एक तर तुटलेलं टोक शेजारच्या धडधाकट टेंडनला जोडतात, म्हणजे दोन बोटं एकाच दोरीवर, किंवा दुसरीकडून टेंडन उसना आणतात. अंगठ्याजवळच्या बोटाला सरळ करणारे दोन टेंडन असतात, त्यातला एक काढून करंगळीकडे वळवला तरी त्या बोटाचं काम चालतं. माझं हेच केलं, आणि अल्नाचं टोक कापलं, आणि साफसफाई केली, आणि टेंडनवर पट्ट्यासारखा जो जाड पडदा असतो त्याचा अर्धा भाग टेंडनच्या खालून फिरवला म्हणजे परत हाडावर घासायला नको. जितके टेंडन तुटलेले कमी तितका निकाल चांगला. एक तुटला तर सोपं, तीन-चार तुटले तर उसना आणायला शेजारी कुणी उरतच नाही. म्हणून ते त्याच आठवड्यात यायचं ना.

चौथं, जोडणं. सांधाच उरला नाही, मनगट तळव्याकडे घसरलंय, हातात कप धरवत नाही, तेव्हा मनगट कायमचं पक्कं करतात. रेडियसपासून मधल्या बोटाच्या तळहातातल्या हाडापर्यंत प्लेट आणि स्क्रू, किंवा आमवातातल्या मऊ हाडात आतून सळई, आणि मध्ये हाडाचा चुरा भरतात, जो पुष्कळदा त्या कापलेल्या अल्नाच्या टोकाचाच असतो, म्हणजे टाकाऊतून टिकाऊ. दुखणं जातं आणि पकड वाढते, कारण बोटांना आता पक्का आधार मिळतो. मनगट वर-खाली होत नाही, पण बोटं हलतात आणि तळवा फिरतो. "हात कडक होईल" म्हणून लोक याला जाम घाबरतात, मी पण घाबरत होते, आणि आता माझ्या दोन हातांपैकी भरवशाचा डावाच आहे.

सगळं मनगट अजून गेलं नसेल तर अर्धंच जोडता येतं, रेडियसला फक्त त्याला लागून असलेल्या ओळीतलं एक किंवा दोन छोटी हाडं जोडायची, घसरणं थांबतं आणि निम्म्याच्या आसपास हालचाल उरते. आणि शेवटचं, कृत्रिम मनगट. गुडघ्याचं होतं तर मनगटाचं का नाही, हा प्रश्न सगळे विचारतात. होतं, पण गुडघ्याइतकं टिकाऊ नाही. आधी सिलिकॉनचे सांधे होते, ते तुटायचे, नंतर धातू-प्लास्टिकचे आले ते बरे आहेत पण तळहाताच्या बाजूला सैल होतात. हाड चांगलं हवं, टेंडन शाबूत हवेत, आणि पुढे आयुष्यभर जड उचलायचं नाही, काठीवर किंवा वॉकरवर भार द्यायचा नाही. फसलं तर परत जोडण्याचंच ऑपरेशन, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड. दोन्ही मनगटं गेलेल्या माणसाला एक जोडायचं आणि एक हलतं ठेवायचं असा विचार करतात, तिथे याला अर्थ आहे. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या कामाच्या बाईला, पाण्याची कळशी उचलणाऱ्या बाईला, जोडणं बरं.

पायरी ६: जोडायचं असेल तर हे आधी विचारा, नंतर नाही

सर्जनना सांगा की आधी दोन आठवडे कडक स्प्लिंट किंवा प्लास्टर घालून द्या, मनगट अजिबात न हलवता जगून बघते. ही रंगीत तालीम फार मोलाची. मला त्यातच कळलं की भाकरी थापता येणार नाही (खरंच नाही येत, आता नवरा थापतो, जाड असतात पण असतात), जमिनीवरून हातावर रेटा देऊन उठता येणार नाही, अरुंद डब्यात हात घालताना कोपर वाकडं करावं लागेल.

आणि शौचाला धुणं. कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. आपण डाव्या हाताने धुतो. डावं मनगट मागे उचललेल्या अवस्थेत जोडलं तर पकड छान येते पण धुता येत नाही. परदेशात कागदाचं चालतं, आपलं तसं नाही. मी हे जाऊबाईंना सोबत घेऊन, अक्षरशः हात कसा न्यावा लागतो ते करून दाखवून डॉक्टरांना सांगितलं, ते हसले नाहीत, कोन मोजला आणि मनगट जवळपास सरळच जोडलं. जेट स्प्रे बसवून घेतला तो वेगळाच. उजव्या हाताचं असेल तर जेवणाचा घास तोंडापर्यंत जातो का, वेणी घालता येते का, आणि स्कूटी चालवत असाल तर अॅक्सिलरेटर पिळता येईल का हे स्प्लिंटमध्येच बघून घ्या.

पायरी ७: सांध्यांचा क्रम

आमवात असलेल्यांचं एकच काही बिघडत नाही, गुडघे, खांदे, बोटं सगळ्यांचीच रांग लागलेली असते. हातात साधारण वरून खाली जातात, आणि बोटांच्या मुळाचे सांधे करायचे असतील तर त्याआधी मनगट सरळ करतात. कारण मनगट एका बाजूला कललं की बोटं तोल सावरायला दुसऱ्या बाजूला कलतात, पाया वाकडा ठेवून वरची भिंत सरळ केली तर ती परत वाकडी होणारच. गुडघ्याचं पण व्हायचं असेल तर दोन्ही सर्जनना एकमेकांशी बोलायला लावा, नाहीतर नव्या मनगटावर वॉकरचा भार येतो. कोपरापासून हात टेकवायचा वॉकर मिळतो, तो मागा.

पायरी ८: ऑपरेशनच्या आधीचे दिवस

औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. मेथोट्रेक्सेट साधारणपणे चालूच ठेवतात, जखम चिघळेल म्हणून बंद करायची जुनी पद्धत होती, पण बंद केल्यावर आमवात उसळतो आणि फिजिओच करता येत नाही. बायोलॉजिकचं वेगळं, त्याचा पुढचा डोस जेव्हा यायचा असतो त्या सुमाराला ऑपरेशनची तारीख धरतात आणि तो डोस जखम भरेपर्यंत, साधारण दोन आठवडे, पुढे ढकलतात. टोफासिटिनिब तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. हे २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शनात आहे, ते खरं म्हणजे खुबा-गुडघा बदलण्यासाठीचं, पण हाताचे सर्जनही त्याचाच आधार घेतात. स्टेरॉइड रोजची गोळी असेल तर ती त्या दिवशी सुद्धा घ्यायची, अचानक बंद अजिबात नाही. तुमच्या बाबतीत शेवटचा शब्द ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचा, आणि तो कागदावर लिहून घ्या, कारण वॉर्डातल्या सिस्टर वेगळंच सांगतात.

बाकी, शुगर आटोक्यात, तंबाखू-मिश्री बंद (जोडलेलं हाड तंबाखूमुळे जुळत नाही, हे मिश्रीवाल्या बायकांना मुद्दाम सांगतेय), दात किडलेला असेल तर आधी काढून घ्या, हातावर कुठे जखम नको. बांगड्या आणि अंगठ्या आदल्या आठवड्यातच उतरवा. माझी अंगठी सुजेमुळे निघेना, शेवटी सोनाराकडे जाऊन कापून घेतली, ऑपरेशनच्या सकाळी ही धावपळ नको.

पायरी ९: तो दिवस

बहुतेक वेळा फक्त हात बधिर करतात, गळ्याच्या हाडाजवळ किंवा काखेत इंजेक्शन देऊन. मी जागी होते. अर्ध्या तासात हात असा झाला की सिस्टरने उचलून बाजूला ठेवला तर मला वाटलं हा कुणाचा हात, माझा तर पोटावर आहे. दंडाला पट्टा बांधून रक्त थांबवतात, थोडा दाब जाणवतो. टेंडन जोडून झाल्यावर डॉक्टरांनी मनगट खाली केलं आणि म्हणाले बघा, उघडतायत बोटं. पडद्यापलीकडे मला काय दिसणार, पण बरं वाटलं.

पायरी १०: नंतरचे आठवडे

पहिले तीन दिवस हात हृदयापेक्षा उंच, झोपताना दोन उशांवर, चालताना गळ्यात नुसता लोंबता नाही. जी बोटं हलवायला परवानगी आहे ती हलवा, आणि खांदा-कोपर दिवसातून चार वेळा पूर्ण फिरवा, नाहीतर मनगट बरं होतं आणि खांदा धरतो. टाके दहा ते चौदा दिवसांनी, पण आमवातात, त्यातून स्टेरॉइड असेल तर कातडी कागदासारखी झालेली असते, जरा उशीर होतो, घाई करू नका.

टेंडनचं असेल तर चार ते सहा आठवडे स्प्लिंट आणि मग खरी परीक्षा. मेंदूला अजून माहीत नसतं की करंगळीची दोरी आता दुसरीकडून येते. फिजिओताई म्हणाल्या करंगळी उचलायची नाही, अंगठ्याशेजारचं बोट दाखवल्यासारखं करा. केलं, तर करंगळी उठली! घरी दोन दिवस सगळ्यांना करून दाखवत होते. हळूहळू मेंदूला कळतं, मग विचार करावा लागत नाही. पूर्ण सरळ होईल अशी आशा ठेवू नका, माझी अजून थोडी खालीच असते, पण नोटा मोजता येतात. जोडण्याचं असेल तर हाड जुळायला साधारण दोन-तीन महिने, तोवर प्लास्टर किंवा स्प्लिंट, आणि एक्स-रेवर जुळलेलं दिसल्याशिवाय पाण्याची बादली नाही म्हणजे नाही.

लगेच फोन करायचा तो कधी: प्लास्टर इतकं घट्ट की बोटं निळी किंवा गार पडली, दुसऱ्या कुणी बोट सरळ केलं की असह्य कळ, ताप आणि जखमेतून पाणी-पू, किंवा उचललं जाणारं बोट अचानक परत पडलं. करंगळीच्या बाजूला किंवा अंगठ्यामागे चामडी बधिर राहणं बऱ्याच जणांना होतं, तिथल्या बारीक नसा ताणल्या जातात, बहुतेकदा कमी होतं. प्लेट कातडीखाली टोचत असेल तर हाड जुळल्यावर काढता येते.

पैशांचं: खाजगीत आकडा सांगताना इम्प्लांट, फिजिओ आणि स्प्लिंट धरलेत का ते विचारा, बहुधा धरलेले नसतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण तुमचं नेमकं ऑपरेशन यादीत बसतं का हे योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला अॅडमिट व्हायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. ऑपरेशनचं नाव डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून न्या, "मनगटाचं" एवढ्यावर आरोग्यमित्राला काही शोधता येत नाही.

आणि घरात आधीच करून ठेवायच्या गोष्टी: नळांना गोल चकतीऐवजी लांब दांडीचे कॉक, दोन हातांनी धरायची कढई, पिळायला नको म्हणून वॉशिंग मशीनचा स्पिन, ब्लाउजला हुकांऐवजी चेन पुढून, आणि लाटणं जाड. पोळ्या लाटता येतात, दोन्ही तळवे लाटण्यावर टेकवून कोपरापासून ढकलायचं, सुरुवातीला नकाशे होतात.